खाली जाण्याची किंमत कोणी मोजायची?

क्लब गुणतालिकेत तळाच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये जाणाऱ्या, तिघांत अडकलाय, मॅनेजरला, म्हणजे मुख्य कोचला, नारळ दिलाय, नवा माणूस चार दिवसांपूर्वी येऊन बसलाय आणि सामने उरलेत १२. वाचतील का? मुंबईत दर हिवाळ्यात हा प्रश्न इंग्लंडमधल्या कुठल्या ना कुठल्या क्लबच्या नावाने विचारला जातो. शनिवारी रात्री साडेआठच्या सामन्यांचे निकाल लागले की वाद सुरू होतो आणि विरार लोकलमध्येही चालू राहतो. दारात उभा असलेला एक जण वरची कडी धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर उरलेले सामने दाखवतो. घरचे पाच, बाहेरचे सात, त्यातले तीन पहिल्या सहांतल्या संघांशी. म्हणजे ३६ गुण पकडून चल. दुसरा म्हणतो, ३६ नाही पुरणार, यंदा ३८ लागतील. तिसऱ्याचं ठाम मत असतं की नवा मॅनेजर आधी बचाव घट्ट करेल, दोन सामने गोल न खाता काढले की ड्रेसिंग रूममधली हवाच बदलेल. बोरिवली येते, अर्धा डबा उतरतो, वाद चालूच असतो.

हा वाद मला मोलाचा वाटतो. विजेतेपदाच्या गप्पांत फुशारकी असते, खाली जाण्याच्या गप्पांत माणसाचा जीव अडकलेला असतो. पण तो इतकी वर्षं ऐकून माझं मत पक्कं झालंय की त्यात जाब चुकीच्या माणसाला विचारला जातो. नवा मॅनेजर काय करेल यावर दोन तास जातात. ज्याने उन्हाळ्यात चुकीचे खेळाडू घेतले, पगाराचं गणित बिघडवलं, तरुण खेळाडू विकून टाकले, त्या मालकाचं नावही निघत नाही. माझ्या मते रेलिगेशनचा, म्हणजे तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये उतरवण्याच्या नियमाचा, खरा उपयोग हा की अपयशाचं बिल शेवटी मालकाच्या टेबलावर येतं. आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगमध्ये ते २०२४-२५ पर्यंत कधी आलं नाही, म्हणून आपल्याकडचं प्रत्येक अपयश कोचच्या खात्यावर मांडून मोकळं होता येतं. हे बदललं पाहिजे.

आधी इंग्लंडचं बघू, कारण पुरावा तिकडे भरपूर आहे. २०२२-२३ च्या हंगामात साउदॅम्प्टन, लीड्स आणि लेस्टर खाली गेले. तिघांनीही हंगाम चालू असताना मॅनेजर बदलले होते. साउदॅम्प्टनने नोव्हेंबरमध्ये राल्फ हाझनह्युटल यांना काढलं, नेथन जोन्स आले, फेब्रुवारीत तेही गेले, मग रुबेन सेलेस आले, क्लब विसाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर. लीड्सने शेवटचे चार सामने उरले असताना सॅम अ‍ॅलरडाइस यांना बोलावलं. अडचणीतला क्लब वर काढणारा माणूस अशी त्यांची ख्याती, आणि २०१५-१६ मध्ये संडरलंडला त्यांनी खरोखर वाचवलंही होतं. लीड्सला त्या चार सामन्यांत एक गुण मिळाला. याच हंगामात नॉटिंगहॅम फॉरेस्ट ऑक्टोबरमध्ये तळाला होता. स्टीव्ह कूपर आज जातात की उद्या, एवढीच चर्चा होती. क्लबने उलट त्यांचा करार वाढवला आणि ३८ गुणांवर हंगाम संपवून जागा राखली. त्याआधी २०१४-१५ मध्ये लेस्टर नाताळला तळाला होता, नायजेल पिअरसन यांना कायम ठेवलं, आणि शेवटच्या ९ पैकी ७ सामने जिंकून संघ वर राहिला.

बदल कधीच उपयोगी पडत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. एव्हर्टनने २०२२ च्या जानेवारीत फ्रँक लॅम्पार्ड यांना आणलं आणि ते वाचले. पुढच्या जानेवारीत शॉन डाइश यांना आणलं आणि अगदी शेवटच्या दिवशी, बोर्नमथविरुद्ध दुकुरेच्या एका गोलवर, पुन्हा वाचले. पण अशी उदाहरणं आपल्या लक्षात राहतात आणि उरलेली विसरली जातात. नेदरलंड्सचे अर्थतज्ज्ञ बास टेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगचा अभ्यास केला आहे. लागोपाठ हरल्यावर ज्या क्लबांनी कोच बदलला त्यांची कामगिरी सुधारली खरी, पण तशाच पडझडीत ज्यांनी कोच बदलला नाही त्यांचीही साधारण तितकीच सुधारली. यात गूढ काही नाही. कोच काढला जातो तो संघ सगळ्यात वाईट खेळत असताना, नशीबही सगळ्यात वाईट असताना. तिथून थोडं वर येणं बहुतेकांच्या वाट्याला येतंच. त्याचं श्रेय जो त्या वेळी बाकावर बसलेला असतो त्याला मिळतं.

नवा माणूस येतो तेव्हा सेंटर बॅक तोच असतो, गोलरक्षक तोच असतो, दुखापतींची यादीही तीच असते. खेळाडू घेण्याची खिडकी जानेवारी अखेरीस बंद झालेली असते. त्याच्या हातात सरावाचे काही आठवडे आणि थोडा उत्साह, एवढंच. इंग्लंडमध्ये एक गोष्ट मात्र पक्की आहे. मे महिन्यात क्लब खाली गेला की प्रक्षेपणाचे पैसे एकदम घटतात. पडझड सोसता यावी म्हणून खाली गेलेल्या क्लबला जास्तीत जास्त तीन वर्षं, दरवर्षी कमी होत जाणारा आधारनिधी मिळतो, तरी खड्डा पडतोच. खेळाडू विकावे लागतात, कर्ज अंगावर येतं, क्लबची किंमत घसरते. मॅनेजर तोवर नुकसानभरपाई घेऊन दुसरीकडे गेलेला असतो. तिथला मालक कोचच्या आड लपू शकतो, पण फार तर मे महिन्यापर्यंत.

आता घरचं सांगतो. हा सगळा खेळ मुंबईने आपल्या डोळ्यांसमोर पाहिलेला आहे आणि आपण तो विसरून गेलोय.

मुंबई एफसी हा क्लब २००७ मध्ये निघाला आणि २००८-०९ पासून आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, खेळू लागला. घर कूपरेज. रोव्हर्स कपमुळे एके काळी देशभरातले संघ जिथे खेळायला यायचे, ते मंत्रालयाजवळचं मैदान. मधल्या काळात तिथे कृत्रिम हिरवळ टाकायची होती म्हणून संघाला पुण्याला बालेवाडीत ‘घरचे’ सामने खेळावे लागले. कूपरेजचं स्टँड मैदानाला इतकं खेटून आहे की डावा बचावपटू गोलरक्षकावर ओरडलेला ऐकू येतो आणि घसरून टॅकल केला की हिरवळीतले रबराचे काळे कण उडताना दिसतात. तिथे बसलं की कोण दमलंय, कोण कोणाला पास द्यायचं टाळतंय, कोच बाकावरून नक्की काय सांगतोय, हे टीव्हीवर कधीच न दिसणारं सगळं समजतं. मला तिथे फुटबॉल जेवढं कळलं तेवढं इंग्लंडचे सामने बघून कळलेलं नाही.

या संघाचे कोच २००९ पासून सात वर्षं खालिद जमील होते. पैसा कमी, नावाजलेले खेळाडू कमी, आणि दर हंगामात एकच लक्ष्य: टिकायचं. संघ मागे बसून खेळायचा, ०-० आणि १-१ भरपूर व्हायचे. ‘काय हे रटाळ’ म्हणणारे स्टँडमध्येच होते, आणि एका अर्थी त्यांचं बरोबर होतं. पण सात वर्षांत मुंबई एफसी एकदाही खाली गेली नाही. २०१५-१६ मध्ये तर ती ९ संघांत पाचवी आली. त्यानंतर जमील यांना निरोप मिळाला. आता पुढच्या पातळीवर जायचं, नवा विचार आणायचा, अशी ती भाषा होती. ही भाषा प्रत्येक क्लबच्या व्यवस्थापनाला कधी ना कधी सुचते. संतोष कश्यप आले. मुंबईच्या फुटबॉलमध्येच वाढलेला माणूस, अनुभवी कोच. हंगामाच्या मध्यात त्यांना हटवून स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन यांना आणलं. २०१६-१७ च्या अखेरीस मुंबई एफसी तळाला राहिली, खाली गेली, आणि त्यानंतर मालकांनी क्लबच गुंडाळला.

याच वर्षी खालिद जमील आयझॉल एफसीकडे गेले होते. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीचे खेळाडूही त्यांच्या संघात होते. आयझॉल आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली गेलेला क्लब. गोव्याचे क्लब स्पर्धेतून बाहेर पडले म्हणून रिकामी जागा भरायला त्याला परत घेतलेलं. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी करून हा आयझॉल देशाचा विजेता झाला. मुंबईने ज्याला ‘फक्त टिकवतो’ म्हणून सोडलं, त्याने मिझोरामच्या छोट्या क्लबला पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवून दिलं. तेच जमील २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. आणि ज्यांच्या काळात मुंबई एफसी खाली गेली, त्या ब्रुझोन यांनी पुढे बांगलादेशात बशुंधरा किंग्जला ओळीने लीग जिंकून दिली. कश्यप पुढे भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. तीन कोच, तिघेही जाणकार. म्हणजे बिघाड कोचमध्ये नव्हता. तरी त्या वर्षी मुंबईत चर्चा फक्त कोचची झाली, आणि क्लब बंद झाला तेव्हा चर्चा करायला कोणी उरलंच नव्हतं.

या गोष्टीला पुण्याचा एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१५-१६ मध्ये आय-लीगच्या तळाला आयझॉल नव्हताच. तळाला होता डीएसके शिवाजियन्स. पण तो थेट प्रवेश घेऊन आलेला कॉर्पोरेट संघ, त्यामुळे त्याला सुरुवातीच्या काळात रेलिगेशनमधून सूट होती. शेवटचा संघ सुरक्षित आणि त्याच्या वरचा संघ खाली! मैदानावर मिळवलेल्या गुणांपेक्षा प्रवेशाला भरलेले पैसे वरचढ ठरले. पुढच्या वर्षी त्याच आयझॉलने लीग जिंकली, तरी त्याच्यासाठी सुपर लीगचं दार उघडलं नाही. खाली ढकलताना नियम, वर घेताना नियम नाही.

सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत एकही संघ मैदानावरच्या कामगिरीमुळे खाली गेला नाही. आशियाई फुटबॉल महासंघासमोर २०१९ मध्ये ठरलेल्या आराखड्यात २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला बढती आणि २०२४-२५ पासून रेलिगेशन, असं लिहिलं होतं. बढती झाली: २०२३ मध्ये पंजाब एफसी वर आला, २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग. रेलिगेशन त्या हंगामात झालं नाही. अर्धा करार पाळला गेला, आणि तोही ज्यात कोणाला काही गमवायचं नव्हतं तेवढाच.

याचा परिणाम काय झाला, ते हैदराबादमध्ये दिसलं. २०२१-२२ चा विजेता संघ. दोन वर्षांत मालकांचा पैसा आटला, पगार थकले, परदेशी खेळाडू एकेक करून गेले, कोच गेला. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत ८ गुण. शिक्षा? काही नाही, पुढच्या हंगामात संघ पुन्हा वरच. मग कोलकात्याचा मोहम्मेडन. १८९१ पासूनचा क्लब, सुपर लीगमधलं पहिलंच वर्ष. पगार थकले, खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला, प्रशिक्षक आंद्रे चेर्निशोव जानेवारी २०२५ मध्ये सोडून गेले, संघ तळाला. तरीही शिक्षा काही नाही. दोन्हीकडे सगळ्यात आधी बाहेर पडला तो कोच, सगळ्यात जास्त भोगलं ते खेळाडूंनी, आणि पगार न देणाऱ्यांची जागा पक्की राहिली.

रेलिगेशन नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, आपल्याकडे फुटबॉलमध्ये नफा नाही, मालक दरवर्षी तोटा सोसतात, वर्षानुवर्षं फ्रँचायझी फी भरतात. त्यात खाली जाण्याची टांगती तलवार ठेवली तर पैसा घालायला येणार कोण? मुंबई एफसीच बघा, खाली गेली आणि मेली. मुद्दा वजनदार आहे. शिवाय २०२५ च्या अखेरीस लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार संपला, पुढचा हंगाम सुरू व्हायला फेब्रुवारी २०२६ उजाडला. अशा वेळी क्लब घाबरलेले असणं साहजिक आहे.

पण मुंबईतले क्लब नक्की कशाने मेले, ते नीट पाहा. महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. तो २०१० मध्ये बंद झाला तेव्हा कोणत्याही तळाला नव्हता. कंपनीने निर्णय घेतला आणि विषय संपला. एअर इंडिया आणि ओएनजीसी २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेले ते क्लब परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्यामुळे. मैदानावर खाली जाऊन संपलेला मुंबई एफसी हा यांतला एकच. रेलिगेशन नसलेल्या लीगमध्ये हैदराबाद तर कोसळलाच. आणि मुंबई सिटी? मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये तिचा मोठा हिस्सा घेतला. त्या काळात मुंबई सिटीने दोनदा लीग शिल्ड (गुणतालिकेत पहिलं येण्याचा मान) आणि दोनदा चषक (प्ले-ऑफचं विजेतेपद) जिंकला. तरी डिसेंबर २०२५ मध्ये हा ग्रुप बाहेर पडला. खाली जाण्याची भीती नव्हती, विजेतेपदं होती, जगातल्या सगळ्यात श्रीमंत फुटबॉल समूहांपैकी एक पाठीशी होता, तरी मालक गेलाच. म्हणजे अकरा हंगाम रेलिगेशन टाळून आपण मालक टिकवले, हा दावा पुराव्यावर उभा राहत नाही. ज्याला जायचं तो गेला. मधल्या मध्ये आपण स्पर्धेतली चुरस घालवली. प्ले-ऑफच्या पहिल्या सहांत येणं अशक्य झालं की तळाच्या संघांचे शेवटचे पाच-सहा सामने नुसते उरकले जातात, आणि रिकाम्या स्टँडसमोर उरकले जातात. इंग्लंडमध्ये याच तळाच्या संघांच्या तिकिटांसाठी मे महिन्यात मारामारी असते.

आणखी एक बाजू कोणी बोलत नाही. वरून कोणी उतरत नसेल तर खालच्यांना वर यायला जागा किती उरणार? मुंबईचा केंकरे एफसी आय-लीगपर्यंत पोहोचला आणि २०२२-२३ मध्ये तिथून खाली गेला. तो नियमानुसार गेला, त्याच्यासाठी कोणी आराखडा पुढे ढकलला नाही. स्थानिक लीगमध्ये मुलं घडवणाऱ्या अशा क्लबला मैदानाचा कायदा लागू आणि सुपर लीगच्या क्लबला नाही, हे मला मान्य नाही. हरण्याचे परिणाम जर लहान क्लबने सोसायचे असतील तर मोठ्यानेही सोसले पाहिजेत.

रेलिगेशन आणायचं तर ते माणसं मारणारं नको, हेही तितकंच खरं. मुंबई एफसी बंद झाली तेव्हा खेळाडू दुसरीकडे गेले, पण संघाची वयोगटातली मुलं, सामान उचलणारा किटमॅन, फिजिओ यांचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. म्हणून माझं म्हणणं असं की क्लबला परवाना देतानाच मालकाकडून दोन हंगामांच्या खर्चाइतकी बँक हमी घ्यावी, जी क्लब खाली गेला किंवा मालकाने अंग काढून घेतलं तरच वापरली जाईल. त्यातून आधी पगार, मग वयोगटातले संघ. लीगच्या एकत्रित उत्पन्नातला थोडा भाग खाली जाणाऱ्या क्लबसाठी राखून ठेवावा, दोन वर्षं पुरेल इतका, इंग्लंडसारखा घटत जाणारा. खालच्या लीगचे सामने व्यवस्थित दाखवावेत, म्हणजे खाली जाणं म्हणजे नाहीसं होणं असं उरणार नाही. आणि तळाचा एकच संघ उतरवा सुरुवातीला, एक पुरे. पण जो उतरेल तो खरोखर उतरला पाहिजे, ऐन वेळी ‘अपवादात्मक परिस्थिती’ नको. अपवादात्मक परिस्थिती आपल्या फुटबॉलमध्ये दरवर्षीच असते.

लोकलमधल्या त्या मित्रांनाही एक सांगणं आहे. इंग्लंडमधल्या क्लबचा पगाराचा आकडा, कर्ज, जानेवारीत कोणाला विकलं, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. तेवढीच चौकशी अंधेरीच्या मैदानावर खेळणाऱ्या आपल्या संघाची करा. सिटी ग्रुप गेल्यावर पैसा नक्की कोणाचा आहे? किती वर्षांसाठी आहे? वयोगटातले संघ चालू आहेत का, त्यात मुंबईची, ठाण्याची, पालघरची मुलं किती आहेत? कोचचा करार किती वर्षांचा, आणि सलग पाच सामने हरले तर काय करायचं हे आज, डोकं थंड असताना, ठरलंय का? हे प्रश्न हंगाम सुरू होण्याआधी विचारायचे, तिकिटं घेताना विचारायचे, लेखी विचारायचे. उत्तर आलं नाही तर तेही सगळ्यांना कळू द्यायचं. कूपरेजवर २०१६ च्या उन्हाळ्यात जमील जात होते तेव्हा हे कोणी विचारलं असतं, तर मालकांना निदान उत्तर तरी द्यावं लागलं असतं.